अनवाणी

वसतिगृहाची पोरे घेऊन आम्ही जव्हारहून मोखाड्यास फुटबॉलच्या मैत्रीच्या सामन्यास गेलो. घाटाच्या वळणांनी एस.टी.तच दोघांना उलटी झाली. सर्वांनी बूट घालावेत हा हट्ट आमचा. वर्गणीतून आणलेले ते बूट बहुतेकांना सैल होत होते. मध्यंतरापर्यंत दोन गोल बसले, एक पेनल्टीही हुकली.

"फादर, बूट काढू?" एका वारली मुलाने विचारले.

आम्हांस १९४८ चे लंडन ऑलिंपिक आठवले. फ्रान्सविरुद्ध बहुतेक भारतीय खेळाडू अनवाणीच झुंजले होते; दोन पेनल्टी हुकल्या, तरी बरोबरी साधली आणि अगदी अखेरीस २-१ अशी हार पत्करली. आम्ही मान डोलावली.

उत्तरार्धात पोरांनी एक गोल फेडला. दुसरा खांबावर आदळला. परतीच्या गाडीत बुटांचे पोते आमच्याच मांडीवर होते.