मुखपृष्ठावरचा टॉम क्लॅन्सी

इंग्रजी थरारकादंबऱ्या वाचणारी चार मंडळी एकत्र जमली की एक वाद हमखास निघतो. 'टॉम क्लॅन्सीज ऑप-सेंटर' हे पुस्तक टॉम क्लॅन्सीचं आहे की नाही? ऐकणाऱ्याला प्रश्न वेडगळ वाटतो. मुखपृष्ठावर भल्यामोठ्या अक्षरांत नाव छापलंय, मग त्याचं नाही तर कोणाचं? पण सगळी गोम आहे ती त्या नावापुढच्या 'ज'मध्ये. म्हणजे आपल्या मराठीतल्या 'चं'मध्ये. भटांची खानावळ म्हटलं म्हणून चुलीपुढे भटच बसलेत असं थोडंच असतं?

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. टॉम क्लॅन्सी हा अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातला विमा एजंट. नजर अधू म्हणून सैन्यात जायचं राहून गेलं. या माणसाने १९८४ साली 'द हंट फॉर रेड ऑक्टोबर' ही सोव्हिएत पाणबुडीवरची कादंबरी लिहिली. छापली कोणी, तर नौदलविषयक गंभीर पुस्तकं काढणाऱ्या नेव्हल इन्स्टिट्यूट प्रेसने. त्या संस्थेने छापलेली ही पहिलीच कादंबरी. अध्यक्ष रेगन यांनी तिची तारीफ केली आणि पुस्तक तुफान खपलं. पाणबुडीचा आवाज कसा टिपतात, सोनारवर बसलेल्या माणसाला काय ऐकू येतं, हे क्लॅन्सी पानंच्या पानं सांगतो आणि वाचक कंटाळत नाही. हे सगळं त्याने उघडपणे मिळणारी पुस्तकं वाचून आणि जाणकारांशी बोलून जमवलं होतं. पुढे या जातीच्या पुस्तकांना 'टेक्नो-थ्रिलर' म्हणू लागले. त्यात पात्रं जेमतेम असली तरी चालतात, यंत्र मात्र खरं असावं लागतं. वाचक लेखकावर भरवसा टाकतो तो इथे. हा सांगतोय म्हणजे असंच असणार, हा तो भरवसा.

आता 'ऑप-सेंटर'. हे पुस्तक १९९५ साली आलं. मुखपृष्ठावर क्लॅन्सीचं नाव ठळक, आणि बारीक अक्षरांत 'निर्मिती : टॉम क्लॅन्सी आणि स्टीव्ह पिचेनिक' अशा अर्थाची ओळ. 'लेखक' हा शब्द कुठेच नाही. आतल्या आभाराच्या मजकुरात जेफ रोविन या गृहस्थांचे, हस्तलिखित तयार करायला मोलाची मदत केल्याबद्दल आभार मानलेत. ही 'मदत' म्हणजे खुद्द पुस्तक लिहिणं! रोविन यांनी या मालिकेतली पुस्तकं वर्षानुवर्षं लिहिली. २००५पर्यंत मालिकेची बारा पुस्तकं झाली.

आम्हा गोंयकारांना ही पुस्तकं पुष्कळदा तारवट्यांकडून मिळाली. तारवटी म्हणजे बोटीवर नोकरी करणारा. सहा-आठ महिने समुद्रावर काढून माणूस घरी परतायचा तेव्हा चॉकलेटं, साबण आणि पुरुषांसाठीच्या त्या ठराविक बाटल्यांबरोबर पेटीच्या तळाशी दोन-चार जाडजूड पेपरबॅक असायची. बोटीवर हातोहात फिरून पानं पिवळी पडलेली, एखाद्या कोपऱ्यावर इंजिनच्या तेलाचा डाग. आमच्या वाड्यावरच्या एका तारवटी अंकलनी मला क्लॅन्सी वाचायला लावला. त्यांचं सारं आयुष्य इंजिनरूममध्ये गेलेलं. 'रेड ऑक्टोबर'बद्दल त्यांचा अभिप्राय तीन शब्दांचा होता : "हाका इंजीन कळटा." याहून मोठं प्रमाणपत्र अंकलकडे नव्हतं.

त्याच अंकलनी 'ऑप-सेंटर' पन्नासेक पानांवर बंद केलं आणि म्हणाले, "हें ताणें बरोवंक ना." मुखपृष्ठावरची बारीक ओळ त्यांनी वाचलेली नव्हती. घोस्ट रायटर नावाचा प्राणी असतो हेही त्यांच्या गावी नव्हतं. मग ओळखलं कसं? मी विचारलं. ते म्हणाले, तो पहिला माणूस एखादं यंत्र दाखवायचा तेव्हा ते चालताना दिसायचं. इथे यंत्राचं नुसतं नाव येतं, आणि माणसं लगेच बोलायला लागतात. सोलमध्ये स्फोट होतो, वॉशिंग्टनमध्ये बैठका होतात, प्रकरणं झटपट संपतात. वाईट आहे असं ते म्हणाले नाहीत. त्याचं नाही, इतकंच म्हणाले.

तेव्हापासून या पुस्तकांवरच्या लोकांच्या प्रतिक्रिया ऐकायचा मला छंदच जडला. साधारण चार तऱ्हा दिसतात.

पहिली तऱ्हा चिडलेल्यांची. 'फसवलं!' त्यांनी क्लॅन्सीसाठी पैसे मोजले आणि हातात भलतंच आलं. दुसरी तऱ्हा निवांत मंडळींची. मडगावला गाडीत बसलो आणि मुंबई येईपर्यंत पुस्तक संपलं, पैसे वसूल. कोणी का लिहीना! तिसरी तऱ्हा मला सर्वांत मजेशीर वाटते. हे लोक स्वतःलाच बोल लावतात. कव्हर नीट वाचायला हवं होतं, तिथे 'निर्मिती' लिहिलंय, 'लेखन' नाही, चूक आपलीच! दुकानदाराने वजनात मारलं तर आपण काट्याकडे नीट पाहिलं नाही असं म्हणण्यातला हा प्रकार. ओळ बारीक छापणाऱ्याने ती का बारीक छापली असेल, हा प्रश्न यांना पडत नाही.

चौथी तऱ्हा आमच्या भाच्याची. त्याची या नावाशी ओळखच मुळी कॉम्प्युटर गेममधून झाली. क्लॅन्सी ही एखादी कंपनी असावी असं त्याला बरीच वर्षं वाटत होतं. त्याला हसण्यात अर्थ नाही, कारण तो फारसा चुकला नव्हता. 'स्प्लिंटर सेल' हा गेम २००२ साली आला आणि त्याच्यावरची कादंबरी २००४ साली. वर नाव क्लॅन्सीचं, खाली लेखक म्हणून डेव्हिड मायकल्स. हा डेव्हिड मायकल्स नावाचा माणूसच अस्तित्वात नाही. ते टोपणनाव. त्यामागे बसून पहिली दोन पुस्तकं लिहिली रेमंड बेन्सन यांनी, ज्यांनी त्याआधी जेम्स बाँडच्या अधिकृत कादंबऱ्या स्वतःच्या नावाने लिहिल्या होत्या. म्हणजे वरचं नाव न लिहिणाऱ्याचं, खालचं नाव नसलेल्याचं, आणि लिहिणारा तिसराच. भाच्याला ते पुस्तक आवडलं. पुढे त्याने खरा क्लॅन्सी हातात घेतला तर तो त्याला रटाळ वाटला!

चारही तऱ्हा ऐकून माझ्या मनात वेगळीच गोष्ट घोळत राहिली. शिव्या असोत वा कौतुक, सगळं जातं क्लॅन्सीच्या नावावर. ज्याने महिनोन्महिने टेबलाशी बसून ती चारशे पानं लिहिली त्याच्यापर्यंत यातलं काय पोचतं? नीट पत्ता घालून पाठवलेलं पत्र भलत्याच घरी पडावं, तसं हे आहे.

ऑप-सेंटर मालिकेतलं २००१ सालचं 'लाइन ऑफ कंट्रोल' वाचताना मला हे प्रकर्षाने जाणवलं. विषय काश्मीर. श्रीनगर, भारत-पाकिस्तान, अणुयुद्धाचं सावट आणि मध्ये अमेरिकन पथक. आपल्या देशाबद्दल परक्याने लिहिलेलं वाचताना आपण जरा सावधच असतो. पानोपानी मनात येत होतं, हे मला नक्की कोण सांगतंय? क्लॅन्सी? पिचेनिक? रोविन? एखादी गोष्ट खटकली तर जाब कोणाला विचारायचा? मुखपृष्ठावरचं नाव शोभेचं नसतं. आतल्या मजकुराची जबाबदारी घेणारा कोण, हे त्यावरून कळतं.

गंमत म्हणजे खुद्द क्लॅन्सीलाही या नावाने घोळात घेतलं. त्याने ऑप-सेंटर मालिकेवरून आपलं नाव काढून घ्यायचं ठरवलं. पण मालिकेच्या उत्पन्नात त्याच्या घटस्फोटित पत्नीचा वाटा होता. नाव गेलं की पुस्तक कोण घेणार? प्रकरण कोर्टात गेलं आणि मेरीलँडच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. तिथे २००८ साली ठरलं की करारानुसार नाव काढून घ्यायचा हक्क त्याला आहे, पण तो सद्भावनेने वापरायला हवा, बायकोचं नुकसान करायच्या हेतूने नव्हे. मग प्रकरण खालच्या कोर्टाकडे परत गेलं. त्याच वर्षी गेम बनवणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीने गेमसाठी आणि त्यासंबंधीच्या मालासाठी त्याचं नाव विकतच घेतलं. आपलं नाव पुसायला आपल्यालाच कोर्टाची पायरी चढावी लागावी, यापरतं दुसरं काय?

क्लॅन्सी १ ऑक्टोबर २०१३ रोजी गेला. पुस्तकं मात्र येतच राहिली. जॅक रायन या त्याच्या नायकाच्या कादंबऱ्या मार्क ग्रीनी, मार्क कॅमेरॉन वगैरे लेखक लिहू लागले, आणि ऑप-सेंटरही २०१४ साली नव्या लेखकांच्या हातून पुन्हा सुरू झालं. क्लॅन्सीचं नाव अजून वर आणि मोठं. पण आता खाली लिहिणाऱ्याचंही नाव असतं. आणि एवढ्याने वाचक बदलला! आता 'फसवलं' कमी ऐकू येतं. ग्रीनीचं जमलंय, कॅमेरॉनचं जमलं नाही, अमक्याने रायनला भलताच म्हातारा केला, असं लोक बोलतात. शिव्या देतात, पण योग्य माणसाला देतात.

आपल्याकडे या बाबतीत जुनं शहाणपण आहे. आत्मकथा एकाची आणि लेखणी दुसऱ्याची असली की पुस्तकावर 'शब्दांकन : अमुक अमुक' असं छापायची मराठीत पद्धत आहे. त्याने कोणाची उंची कमी होत नाही. उलटा प्रकारही आपल्याला ठाऊक आहे. प्रभातच्या १९३६ सालच्या 'संत तुकाराम'मधला सालोमालो आठवा. तुकोबांच्या अभंगावर तो स्वतःची मुद्रा ठोकतो. आपण त्याला चोर म्हणतो ते योग्यच. आणि स्वतः रचून खाली 'तुका म्हणे' घालणारे? त्यांची तर गाथेत इतकी भर पडली की अस्सल कोणते आणि प्रक्षिप्त कोणते हे निवडण्यात अभ्यासकांच्या पिढ्या गेल्या. पण त्या अनामिकांना रॉयल्टी मिळत नव्हती. कदाचित आपलं नाव विठोबाच्या पायरीशी ठेवून ते निघून गेले असतील. दुसऱ्याच्या नावात स्वतःला विरघळवणं आणि दुसऱ्याच्या नावाखाली पगारावर लपून राहणं, यांत फरक आहे.

हे मी एवढ्या तावातावाने लिहितोय त्याला एक कारण आहे. मीही हे काम केलेलं आहे. गोव्यात देवस्थानांच्या, शाळांच्या, नाट्यमंडळांच्या स्मरणिका निघतात आणि त्यांत 'अध्यक्षीय मनोगत' असतं. ते अध्यक्ष लिहीत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कोणी बोलत नाही. एका देवस्थानच्या स्मरणिकेत मी असंच मनोगत लिहिलं होतं. त्यात जुन्या अग्रशाळेबद्दल एक परिच्छेद होता. जत्रेच्या रात्री तिथे ओळीने घातलेल्या चटया, पहाटे विहिरीवर घागरींचा आवाज, असं काहीबाही. अंक निघाल्यावर महिन्याभराने अध्यक्षांनी मला बोलावून एक पत्र दाखवलं. लग्न होऊन बेळगावला गेलेल्या एका वयस्कर बाईंचं. त्यांच्या आईने शेवटची जत्रा त्या अग्रशाळेत काढली होती. 'तुम्हीही तिथे राहिलेले दिसता, नाहीतर घागरींचा आवाज कसा आठवला असता,' असं त्यांनी लिहिलं होतं.

अध्यक्ष माणूस चांगला. म्हणाले, "सुंदर पत्र आहे हो. उत्तर पाठवायला हवं. तेवढं तुम्हीच लिहून द्या."

मी लिहून दिलं. सही त्यांची.

मानधन ठरल्याप्रमाणे मिळालं होतं, माझी तक्रार काही नाही. पुढच्या जत्रेला बाई खरोखरच आल्या आणि अध्यक्षांना शोधून भेटल्या. मी चार हातांवर उभा होतो. अग्रशाळेत तुम्ही कुठल्या खोलीत उतरायचा, असं त्यांनी विचारलं. अध्यक्षांचं घर देवळापासून पाच मिनिटांवर, ते कशाला अग्रशाळेत राहतील? ते हसले, काहीतरी पुटपुटले आणि पालखीची वेळ झाली म्हणून आत गेले. बाई क्षणभर तिथेच उभ्या राहिल्या. ज्या माणसाशी बोलायला त्या एवढ्या लांबून आल्या होत्या, तो त्यांना भेटलाच नव्हता.

तारवटी अंकलचं 'ऑप-सेंटर' अजून माझ्या कपाटात आहे. आभाराच्या पानावर जेफ रोविन या नावाखाली मी पेन्सिलीने रेघ मारून ठेवलीय. पुस्तक कसं वाटलं हे ज्याला सांगायचं, त्याचा पत्ता तेवढाच आहे.