कुलूप लावलेली फाइल

आज वसईत दिवसभर पाऊस. बाहेर पडणं नाहीच, म्हणून बीबीसी मायक्रोच्या जुन्या फ्लॉपीची इमेज उघडून बसलो. १९८४ साली ‘क्लास’ प्रकल्पातून आपल्याकडच्या शाळांत आलेला हाच तो संगणक.

सी भाषेतला माझा प्रोग्राम डिस्कवरची यादी वाचतो. ती अख्खी पहिल्या दोन सेक्टरांत मावते, प्रत्येकी २५६ बाइट. फायली जास्तीत जास्त ३१, नावाला सात अक्षरं आणि आठवं डिरेक्टरीचं. किती काटकसर! मला या नेटकेपणाचं फार अप्रूप आहे.

एका फायलीला मात्र डिरेक्टरीच्या जागी नेहमीच्या डॉलरऐवजी भलतंच चिन्ह येत होतं. तासभर माझ्याच कोडवर संशय घेतला. शेवटी आकडा छापला: १६४. डॉलर म्हणजे ३६. फरक १२८, म्हणजे सर्वांत वरचा बिट लावलेला. फाइल लॉक केलेली होती! ती पुसली जाऊ नये, असं कुणाला तरी मनापासून वाटलं होतं. अक्षर वाचण्यापुरता तो बिट झाकला, पण नावाशेजारी कुलुपाची खूण छापलीच.

फायलीच्या लांबीचे वरचे दोन बिट वेगळ्याच बाइटात कोंबलेत. ते उद्या.