तीन बटनं

२०१६ नंतर वर्धा नगर परिषदेची निवडणूक लागली ती थेट २०२५ च्या शेवटी. मधली जवळपास चार वर्षं प्रशासकाची. त्यामुळे प्रचाराच्या रिक्षा फिरू लागल्या तेव्हा पहिल्यांदाच मत देणाऱ्या आमच्या पुतण्याने विचारलं, "काकू, नगरसेवक नेमकं करते काय?"

या वेळी एका मतदाराला तीन मतं होती : प्रभागातले दोन नगरसेवक आणि थेट नगराध्यक्ष. कार्यकर्ते दारात येऊन सांगत, "तिन्ही बटनं एकाच चिन्हावर दाबा, डोक्याले ताप नाही." मला तो ताप करून घ्यायचाच होता. एका रात्री जेवणं आटोपल्यावर साठवलेली सगळी पत्रकं सतरंजीवर मांडली. रोजगार, उद्योग, मोठं रुग्णालय! मग नगर परिषदांचा १९६५ चा अधिनियम काढून बघितला. त्याच्या कलम ४९ मध्ये नगर परिषदेची कर्तव्यं दिली आहेत : दिवाबत्ती, सफाई, गटारं, आग विझवणं, जन्म-मृत्यूच्या नोंदी. त्या चाळणीतून पत्रकं काढली तर खाली फार थोडं उरलं. उमेदवारांची शपथपत्रं अधिक बोलकी होती. व्यवसायाच्या रकान्यात 'शेती' लिहिणाऱ्यांच्या नावावर वाहनंच किती!

मग जो दारात आला त्याला एकच विचारलं : घरपट्टी वाढवणार नाही म्हणता, तर एवढी कामं कोणत्या पैशातून?

पहिल्याने वरून निधी आणतो म्हटलं. वर आपलीच सत्ता आहे, हे त्याचं उत्तर आणि तेच त्याचं धोरण. दुसरा अपक्ष, शिकलेला, अंदाजपत्रक तोंडपाठ. ऐकत राहावंसं वाटलं. पण ठराव बहुमताने होतात, सोबत कोण, असं विचारल्यावर "लोक आहेत ना" म्हणाला. सभागृहात लोक नसतात, सदस्य असतात. तिसरी बचत गटातली. ती आधी गप्प बसली, मग हळूच म्हणाली, "खरं सांगू का काकू? थकलेली घरपट्टी वसूल केल्याबिगर काही होत नाही. पण हे मी माइकवर नाही बोलू शकत."

एका चिन्हाचा आग्रह अगदीच पोकळ नव्हता. नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचं झालं, की कामं अडतात. तरीही मी मतं वाटून दिली. नगराध्यक्षाचं कोणाला दिलं ते घरातही सांगितलं नाही, पण एक बचत गटातल्या बाईला आणि एक त्या अपक्षाला. प्रभागात दोन जागा आहेत, तर एकाने हिशेब वाचावा आणि दुसरीने वसुलीचं बोलावं, एवढाच विचार.

मतमोजणी ३ डिसेंबरला व्हायची, ती उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २१ तारखेवर नेली. तेवढ्या दिवसांत सगळेच निवडून आलेले होते. चौकात भेटले की हात जोडत. ती बाई मात्र भाजीच्या ठेल्यापाशी थांबली आणि म्हणाली, "काकू, तुमची घरपट्टी भरली का?"

भरली होती. पावती दाखवते म्हटलं, तर हसली.