हत्तीचे आजोळ

दारात हत्ती झुलतो, असे आपण एखाद्या घराच्या वैभवाबद्दल म्हणतो. त्या हत्तीला रोज ऊस कोण घालतो, त्याच्या पायातला काटा कोण काढतो आणि तो म्हातारा झाला म्हणजे पुढे काय, हे विचारायचे मात्र कुणाला सुचत नाही. मलाही सुचले नव्हते. २०२४ च्या ऑक्टोबरात मी इंग्लंडात कॉव्हेंट्रीला नानांकडे पंधरा दिवस राहिलो, आणि न विचारताच सगळी उत्तरे मिळाली.

नाना माझे आतेभाऊ. आत्या माझ्या वडिलांहून अठरा वर्षांनी मोठी, त्यामुळे भाऊ म्हणायचे एवढेच. नाना शहात्तरीला टेकलेले आणि मी अजून पन्नाशीच्या अलीकडे. १९७२ साली ते पुण्याहून नोकरीसाठी कॉव्हेंट्रीला गेले, ते तिथलेच झाले. एक कारखाना बंद पडला, दुसरा धरला, यथाकाल निवृत्त झाले. मुलगी लग्न होऊन कॅनडात गेली. आता घरात नाना, वहिनी आणि हत्ती.

हत्तीचे नाव जॅग्वार एक्सजे-एस. जन्म १९८३. रंग गर्द हिरवा. गॅरेजचे दार वर गेले आणि ते लांबलचक धूड पुढच्या पायांवर हनुवटी टेकून बसल्यासारखे दिसले, तेव्हा मी नकळत एक पाऊल मागे सरलो. दार उघडताच जुन्या कातड्याचा वास आला. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात बांधीव पोथ्यांचे कपाट आहे, अगदी तो वास. तेवढी एकच ओळखीची खूण. एरवी मी मराठीचा प्राध्यापक; मोटारीविषयीचे माझे ज्ञान रिक्षाच्या मीटरपाशी संपते.

“ही साधी मोटार नव्हे,” नाना म्हणाले. “हिला ग्रँड टूरर म्हणतात. दोघांनी निघायचं, डिकीत बॅगा टाकायच्या, आणि न दमता थेट फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर उतरायचं. त्यासाठी केलेली गाडी.”

“आणि मागची ही दोन आसनं?”

“ती मुलांसाठी. म्हणजे कागदावर. खरं म्हणजे तिथे छत्री आणि कोट बसतात.”

“आणि मी,” आतून वहिनींचा आवाज आला.

नानांकडून पुढच्या चार दिवसांत मला जे शिक्षण मिळाले, त्यावर मी एखादा पेपर सहज काढू शकेन. या जातीची पहिली मोटार १९७५ साली बाजारात आली. मागच्या काचेच्या दोन्ही अंगांना उतरत्या भिंतींसारखे पंखे आहेत. ते पाहून लोकांनी नाके मुरडली, कारण तिच्या आधीची ई-टाइप म्हणजे साऱ्या जगाची लाडकी, आणि तिच्या जागी ही आली. सवतीच्या घरात आलेल्या दुसरेपणाच्या नवरीचे जे होते, ते हिचे झाले. तिचा आकार ज्याने आखला तो माल्कम सेयर विमानांच्या धंद्यातून आलेला; तो बिचारा ही बोलणी ऐकायलाही राहिला नाही, १९७० सालीच गेला. त्यात १९७३ पासून पेट्रोल महाग झालेले, आणि हिच्या पोटात बारा सिलिंडरांचे ५,३४३ घन सेंटिमीटरचे इंजिन! पुढे १९८१ मध्ये मायकेल मे नावाच्या स्विस इंजिनिअरच्या युक्तीने त्या सिलिंडरांची डोकी बदलली, तेव्हा कुठे भूक जराशी आटोक्यात आली. आटोक्यात म्हणजे काय, तर नानांची गाडी लिटरला पाच किलोमीटर जाते. उताराला थोडी जास्त. तरीही १९९६ पर्यंत, एकवीस वर्षे, ही गाडी निघत राहिली आणि एक लाख पंधरा हजारांच्या आसपास खपली.

नानांनी ती १९९९ साली घेतली, तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि कुणालाच नको होती. दोन हजार पौंडांत मिळाली. नव्या लहान मोटारीच्या पाव किमतीत हत्ती! नानांना वाटले, आपण जग जिंकले.

“घेताना स्वस्त असते रे,” वहिनी मला स्वयंपाकघरात म्हणाल्या. “स्थळ चांगलं, हुंडा नाही, मग आपण विचारायला नको का, की का नाही?” आणि त्यांनी फडताळातून एक लांबट वही काढली. नानांची जमाखर्चाची वही. जमा कुठेच नाही, नुसता खर्च. तिसऱ्या वर्षी खर्चाची बेरीज गाडीच्या किमतीपुढे गेली होती, आणि त्यानंतर नानांनी बेरीज करणे सोडले होते. मी ती वही एखाद्या बखरीसारखी वाचली. बारा स्पार्क प्लग. त्यांतले पुढचे दोन वातानुकूलनाच्या यंत्राखाली असे दडलेले की बदलायला अर्धा दिवस जातो. मागचे ब्रेक चाकांपाशी नाहीतच. ते मधोमध, डिफरन्शियलला बिलगून. म्हणजे दोन पौंडांच्या कामासाठी मिस्त्री चार तास गाडीखाली आडवा. रबरी नळ्या तर इतक्या, की एक संपवावी तो दुसरी म्हातारी होते. २०२१ पासून तिकडच्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल येऊ लागले. ते जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून हिला निराळे, महागडे पेट्रोल. पथ्याचे जेवण!

वहीत एका पानावर खर्च नव्हता, नुसती ओळ होती: ‘आज टाटांनी जॅग्वार घेतली.’ साल २००८.

“त्या दिवशी पेढे वाटले यांनी गल्लीत,” वहिनी म्हणाल्या. “मी म्हटलं, मालक मुंबईचे आले, पण गाडीचा गडी अजून पुण्याचाच.”

मग वही मिटून त्यांनी आवाज खाली आणला. “तुला एक सांगते. यांना नोव्हेंबरात शहात्तर पूर्ण. इथे सत्तरीनंतर दर तीन वर्षांनी लायसन्स नवं करावं लागतं. फॉर्म येऊन दोन महिने झाले. त्यात विचारलेलं असतं, नजर नीट आहे का. वीस मीटरवरची नंबराची पाटी वाचता यायला हवी. फॉर्म तसाच पडलाय. मी विचारलं की म्हणतात, बघू.”

गंमत पाहा. गाडीला चाळीस वर्षे उलटली म्हणून सरकारने तिला ऐतिहासिक वाहन ठरवले होते. त्या एप्रिलपासून तिचा कर माफ, आणि दर वर्षीची सक्तीची तपासणीही नाही. म्हातारपण गाडीला लाभले होते.

शनिवारी ब्लॅकपूलला जायचे ठरले. दिवाळीच्या अलीकडचा शनिवार. त्या रात्री तिकडची घड्याळे एक तास मागे जाणार होती, म्हणून नाना खुशीत होते: “परत यायला उशीर झाला तरी तास फुकट मिळतोय.” ब्लॅकपूल म्हणजे उत्तरेकडचे समुद्रकाठचे शहर, कामगारांच्या सुटीचे गाव. शरद ऋतूत तिथे किनाऱ्याच्या रस्त्याने दहा किलोमीटर रोषणाई करतात. १८७९ साली नुसते आठ विजेचे दिवे लावले, ते पाहायला झुंबड उडाली, तिथून ही प्रथा पडली. पण नानांचा ओढा दिव्यांपेक्षा निराळा होता. “जॅग्वारचं आजोळ आहे ते,” ते म्हणाले. “पंचवीस वर्षं नेईन म्हणतोय तिला.”

मी पुढे बसलो. वहिनी मागे, छत्री आणि कोटाच्या जागी, मांडीवर तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा. नानांनी किल्ली फिरवली. मला वाटले होते गर्जना होईल, झाले भलतेच. दूरच्या खोलीत कुणी शिवणयंत्र चालवावे एवढाच आवाज. गाडी हलली तीही घरच हलल्यासारखी. बर्मिंगहॅमच्या कडेने, जिथे रस्ते शेवयांसारखे एकमेकांवर चढतात, तिथून आम्ही उत्तरेला लागलो आणि मग मला नानांचे वेड थोडे कळले. आसनाचे कातडे भेगाळलेले, पण ते पाठ धरत होते. खड्डा आला की गाडी तो स्वतःजवळ ठेवून घेई, आपल्यापर्यंत पोचू देत नसे. ताशी २४० किलोमीटर धावायला जन्मलेले हे जनावर नाना ११२ वर चालवत होते, कारण तिथे कायदा तेवढाच. पायाखाली केवढी ताकद न वापरता पडून आहे, हे नुसते जाणवत राही. रागसंगीतातला जाणता गवई मध्य सप्तकात गातो, तेव्हा वरच्या षड्जाची धास्ती आपल्याला वाटते, तसे.

नाना मला रस्त्यावरच्या पाट्या वाचायला लावत होते. “मराठीच्या मास्तराला इंग्रजी येतं का बघू दे!” मी मोठ्याने वाचत होतो: स्टॅफर्ड, नट्सफर्ड, प्रेस्टन. प्रेस्टनजवळ नाना म्हणाले, “हा आठ मैलांचा तुकडा इंग्लंडातला पहिला मोटारवे. ५ डिसेंबर १९५८. पहिली काही वर्षं इथे वेगाला मर्यादाच नव्हती.” ते बोलत असताना एक पाटी वाचायची राहिली आणि आमचा फाटा थोडक्यात चुकता चुकता सापडला. मागे पुऱ्यांचा डबा वाजला. वहिनी काही बोलल्या नाहीत.

ब्लॅकपूलमध्ये ब्लूमफील्ड रोडवर आम्ही थांबलो. पाहण्यासारखे तिथे काय होते? घरे, फुटबॉलचे मैदान, ओला फुटपाथ. पण १९२२ साली याच रस्त्यावर विल्यम लायन्सने एका जोडीदाराबरोबर मोटारसायकलींचे साइडकार करायला घेतले. वय एकवीस; वडिलांचे वाद्यांचे दुकान. १९२८ मध्ये बिऱ्हाड कॉव्हेंट्रीला हलवले, १९३५ मध्ये एका मोटारीला जॅग्वार हे नाव दिले. नाना खाली उतरले, बोनेटवर हात ठेवून दोन मिनिटे उभे राहिले. नातीला तिच्या पणज्याचे घर दाखवायला आणावे, तसे. वहिनींनी तेवढ्यात पुऱ्या वाढल्या.

अंधार पडताच स्टार गेटपाशी आम्ही मोटारींच्या रांगेला लागलो. डोक्यावर दिवे, दोन्ही बाजूंना दिवे, दिव्यांची जहाजे, दिव्यांची पाखरे. शेजारून ट्रॅम सरकत होती, आणि दूरवर पुढे मनोरा लखलखत होता. खिडक्या खाली करून पोरे ओरडत होती. मला आमच्या लक्ष्मी रोडची आठवण झाली. रांग मात्र मुंगीच्या पावलाने.

आणि हत्तीला तेच चालत नाही. धावताना वारा इंजिन थंड ठेवतो. रांगेत वारा कुठला? स्पीडोमीटरच्या शेजारी चार उभ्या फटी आहेत, त्यांत काटे वरखाली सरकतात. नाना मला म्हणाले, “पहिल्या काट्याकडे लक्ष ठेव. वर गेला की सांग.” मी सांगितले. दोन मिनिटांनी पुन्हा सांगितले. सबंध इंजिन ॲल्युमिनियमचे. एकदा अति तापले की वहीत नवे पान नव्हे, नवी वहीच घ्यावी लागते. पाण्याची एक नळी बदलायची नानांनी उन्हाळ्यापासून पुढे ढकलली होती, हे त्यांनीच तेव्हा कबूल केले.

“हीटर लावा पूर्ण,” मागून वहिनी म्हणाल्या. “इंजिनची ऊब आत येऊ द्या. खिडक्या उघडा.”

नानांनी लावला. पायांवर भट्टी, कानांवर आयरिश समुद्राचा वारा. काटा थबकला. मी तो थबकल्याचे सांगण्यासाठी तोंड उघडले आणि वहिनी किंचाळल्या, “अहो, मूल!”

ब्रेक लागला. एक पाचसहा वर्षांचे पोर, हातात चमकणारी कांडी, गाडीच्या नाकापासून दोन हातांवर उभे होते. आईने त्याला ओढून नेले. मागच्याने भोंगा वाजवला.

नानांनी पहिल्याच गल्लीत गाडी वळवून थांबवली. इंजिन बंद केले. बराच वेळ कुणी बोलले नाही. बोनेटखाली धातू थंड होताना टिकटिक करत होता तेवढाच आवाज.

“मला दिसलंच नाही ते,” नाना म्हणाले. “प्रत्येक दिव्याभोवती कडं दिसतं मला. भुईचक्रासारखं. दोन्ही डोळ्यांना. सात-आठ महिने झाले.”

“ठाऊक आहे,” वहिनी म्हणाल्या. “माझे मोतीबिंदू काढायच्या आधी मलाही तसंच दिसायचं. तुम्ही कधी म्हणता, याची वाट पाहत होते. किल्ली द्या.”

“तू? हिला?”

“विम्याच्या कागदावर माझं नाव तुम्हीच घातलंय ना? पंचवीस वर्षं पैसे भरलेत त्याचे.”

त्यांनी आसन पुढे ओढले, आरसा खाली केला, शाल खोचली. नाना त्यांच्या शेजारी, आणि मी मागे, गुडघे हनुवटीला लावून. हात ब्रेकपाशी जाताच नाना सांगू लागले, “तो ओढला तरी खाली पडतो, म्हणजे सुटला असं समजू नकोस, तो आधी वर...”

“ठाऊक आहे.”

काटा खाली आल्यावर आम्ही उरलेले दिवे पाहिले, अगदी बिस्पमच्या टोकापर्यंत. मनोऱ्याखालून जाताना वहिनींनी वर पाहिले नाही. त्या रस्ता पाहत होत्या. नाना पाहत होते, चष्मा काढून, नुसत्या डोळ्यांनी.

मोटारवेला लागेपर्यंत नाना सूचना देत होते, मग त्या विरळ झाल्या, आणि नट्सफर्डच्या आसपास ते झोपले. ११२ च्या वर काटा दोनदा गेलेला मी पाहिला. मी कुणाला सांगितले नाही.

रविवारी सकाळी उठलो तो भिंतीवरचे घड्याळ तासभर पुढे होते. टेबलावर फॉर्म नव्हता; खणात गेला होता, कोराच. त्याच्या जागी डोळ्यांच्या दवाखान्याला सोमवारी फोन करायची चिठ्ठी, नानांच्या अक्षरात, आणि तिच्याखाली दुसरी ओळ: ‘पाण्याची नळी, एक.’ बाहेर गॅरेजचे दार उघडे होते. नाना बोनेटमध्ये वाकले होते आणि वहिनी टॉर्च धरून उभ्या होत्या.

“जरा डावीकडे,” नाना म्हणत होते. “अगं, तुझ्या डावीकडे.”