वळून झाल्यावर

मोटारीला बोलण्याची इंद्रिये दोनच: एक कर्णा आणि दुसरे वळणाचे दिवे. कर्ण्याचे बोलणे आपल्याकडे इतके स्वस्त झाले आहे की ते कोणी मनावर घेत नाही. दिव्याचे तसे नाही. उजवीकडचा पिवळा दिवा लुकलुकू लागला की मागचा सायकलस्वार थबकतो. गाडी हाकणाऱ्याचे नावगाव त्याला ठाऊक नसते. तरी त्याच्या शब्दावर तो आपला जीव सोपवतो. म्हणूनच वळण संपल्यावरही लुकलुकत राहणारा दिवा हा मुळीच न लागणाऱ्या दिव्याहून वाईट. मुक्या माणसापाशी आपण जपून वागतो. खोटे बोलणाऱ्यापाशी तेवढी सावधगिरी सुचत नाही.

एके काळी हे काम चालकाचा हातच करी. पुढे काही गाड्यांच्या कुशीतून एक लहानसा उजळलेला हात बाहेर पडू लागला. १९४८ साली निघालेल्या मॉरिस मायनरलाही तो होता. अमेरिकेत ब्युइक गाड्यांना १९३९ साली लुकलुकणारे दिवे मिळाले, आणि पुढच्याच वर्षी ते वळणानंतर आपोआप विझण्याची सोय झाली. मला ही दुसरी युक्ती पहिलीपेक्षा थोर वाटते. वळायचे आहे हे माणसाच्या ध्यानात असते. वळून झाले, हे तो हमखास विसरतो.

आमच्या नानांच्या जुन्या मोटारीतील हीच सोय गेल्या पावसाळ्यात बिघडली. नाना सत्त्याहत्तर वर्षांचे. पंचावन्न उलटल्यावर परवाना एका वेळी पाच वर्षांपुरताच मिळतो व सोबत डॉक्टरांचा दाखला लागतो. तो त्यांनी रीतसर मिळविला होता. परंतु दिवा लागलेला असताना होणारी बारीक टकटक त्यांना आता ऐकू येत नाही. धाकट्या बहिणीने मला निक्षून सांगितले, "दादा, दुरुस्ती कसली करतोस? किल्लीच काढून घे."

तरी एका रविवारी आम्ही दोघे कामाला लागलो. कारभार अर्थातच नानांचा. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडविली. पुढची चाके सरळ केली. मधले झाकण व कर्ण्याची तार काढताच आतला मोठा नट दिसला. नानांनी सुकाणू दोन्ही हातांनी घट्ट धरले आणि मी पाना फिरविला. "अरे, नट पुरता काढू नकोस, दोन-चार आटे राहू दे," ते म्हणाले. हिसक्यासरशी सुटलेले सुकाणू थेट तोंडावर येते, ते या आट्यांवर अडते. दांड्याच्या टोकाला बारीक उभ्या खाचा असतात; बसविताना एका खाचेची चूक झाली तरी गाडी सरळ जाते आणि सुकाणू वाकडे दिसते. म्हणून दांडा व सुकाणू या दोहोंवर मिळून एक खूण करावयाची. हातोडा मात्र चालवावयाचा नाही. डोलवून डोलवून ओढावयाचे. (नव्या गाड्यांच्या सुकाणूत हवेची पिशवी असते. तेथे हा घरगुती उद्योग करू नये.)

सुकाणू सुटले आणि ते मांडीवर घेऊन नाना बाजूला बसले. मी मुद्दाम आत डोकावून पाहू लागलो.

सुकाणूच्या पाठीशी एक उंचवटा असतो. वळण संपून सुकाणू मागे फिरले की तो खटक्याच्या जिभेला ढकलतो, आणि दांडी उडी मारून मध्यावर येते. आमच्या खटक्याची जीभ झिजून मोडली होती. नखाएवढा तुकडा तो केवढा! तेवढाच सुटा मिळत नाही, असे दुकानदाराने सांगितल्यामुळे सबंध खटका नवा आणला व जुनी खूण जुळवून सुकाणू बसविले. नानांनी ते फिरविले, आणि एक बोट दांडीला टेकवून ठेवले. "ऐकू येत नाही रे," ते म्हणाले, "पण बोटाला कळते."

मग ते खाली उतरले. "तू चालव. मी कोपऱ्यावर उभा राहून पाहतो." इतक्या वर्षांत आपल्या गाडीचा दिवा त्यांनी रस्त्यावरून कधी पाहिला नसावा. मी वळलो, आरशात पाहिले तो त्यांनी हात वर केलेला होता.

परत आल्यावर त्यांनी किल्ली मागितली नाही. मीही ती खुंटीला न लावता खिशात ठेवली. रात्री बहिणीचा फोन आला, तेव्हा शेजारच्या खोलीत नाना जागे होते.