लोड

रिकामं इंजिन कुणाचंही गोड वाजतं. खरं काय ते लोड पडल्यावर कळतं.

१९८६ साल. नारळी पुनव होऊन आठ दिवस झाले असतील. मी धाटावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात फिटरच्या हाताखाली होतो. डिझेल मेकॅनिकचं आयटीआयचं सर्टिफिकेट पेटीत पडलेलं. सुट्टीच्या दिवशी कुंडलिकेच्या खाडीत होड्यांची मशिनं दुरुस्त करायचो. त्यावर बहिणीची फी निघायची.

खाली एका बंदरावरनं निरोप आला. मालक म्हणाला, "मशीन धक्क्यावर मस्त चालतं. गिअर टाकून भरतीच्या तोंडाला लागलं, की बसतं." दोन मेकॅनिक येऊन गेलेले. एकाने नोझलं बदलली, दुसरा म्हणे पंप खोला. पंप खोलायचा म्हणजे मोठा खर्च.

मी होडी दोरखंडाने धक्क्याला पक्की बांधली नि गिअर टाकला. होडी जागची हलत नाही, पंखा पाणी रेटतो, मशीनवर पुरतं ओझं येतं. पाच-सात मिनिटं ठीक. मग आवाज खाली खाली गेला. मी धुराड्याकडं बघितलं. पंख्यात जाळं गुंतलं, हवा कमी पडली किंवा नोझल गळलं, तर काळा धूर येतो. इथं काळा धूर नव्हताच. म्हणजे मशीन उपाशी, तेल पोचत नाही. फिल्टर बदलला, लाइनीतली हवा काढली. तरी तेच. मग टाकीचं झाकण सैल केलं. सूं करून हवा आत गेली आणि मशीनने आवाज धरला.

टाकीला हवेसाठी एक बारीक भोक असतं. सणाला होडी रंगवताना ते रंगाने बुजलेलं. जेवढं तेल बाहेर जाईल तेवढी हवा आत यावी लागते. रिकाम्यात तेल थोडं लागतं, झाकणाच्या फटीतनं झिरपेल ती हवा पुरते. ओझ्यावर पुरत नाही. तारेने भोक मोकळं केलं. खर्च काही नाही.

मालक खूश. "कुठला रे तू?" गाव सांगितलं. "गावात कुठं?" "बौद्धवाडीत." चेहरा बदलला. मी घामाने निथळत होतो, पाणी मागितलं. पोराने तांब्या वरनं धरला. मी ओंजळ केली आणि प्यालो.

मित्रांनो, महाड याच जिल्ह्यात. तेव्हा त्याला कुलाबा म्हणत. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्यात उतरले आणि ओंजळीने पाणी प्याले. तीही ओंजळच. पण ती हक्काची होती, माझी लाचारीची.

१४ एप्रिलच्या मिरवणुकीत सगळ्यात मोठा आवाज माझा असायचा. तिथं चारी बाजूंनी आपलीच माणसं. त्या धक्क्यावर मी एकटा, आणि मजुरी अजून मालकाच्या खिशात. त्या रात्री मी माझंच मशीन तपासलं. राग नव्हता असं नाही. टाकी भरलेली होती, पण वर पोचत नव्हता. मजुरी बुडेल, काम सुटेल, बहिणीची फी राहील, या भीतीने भोक बुजलेलं.

तुम्ही शाखा काढता, भाषणं करता. करा. पण पोराची पारख धक्क्याला बांधून करा. तो एकटा असताना, पोटाचा प्रश्न समोर असताना काय करतो ते बघा. बसला तर त्याला शिव्या घालू नका. कुठं बुजलंय ते शोधा.

पुढच्या हंगामात त्याच मालकाचा निरोप आला. मी गेलो. पान्याला हात लावायच्या आधी म्हणालो, "मालक, पाणी द्या. तांब्या हातात द्या."

कुणी बोलेना. खाडीत भरती चढत होती. बाकीच्या होड्या सुटायला लागल्या. शेवटी घरातली म्हातारी उठली, तांब्या भरला आणि माझ्या हातात दिला.

मी पाणी प्यालो. मग पाना उचलला.