लव्हाळ्याची जागा

महापुराचा आणि लव्हाळ्याचा तुकोबांचा दृष्टान्त शिकवून झाला, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, ‘‘सर, लव्हाळा दिसतो कसा?’’ मोठी झाडे वाहून जातात आणि लवणारे तेवढे टिकते, हे आम्ही कित्येक वर्षे सांगत आलो. ‘नम्रता’ हा शब्द फळ्यावर लिहीत आलो. त्या प्रश्नापाशी मात्र अडखळलो. लव्हाळे आम्ही पाहिले होते, आणि ते काढण्याच्या अर्जावर आमचीही सही होती.

आमचे गाव इंद्रायणीकाठचे. लोणावळ्याच्या परिसरात उगम पावणारी ही नदी देहू, आळंदी करीत तुळापूरला भीमेस मिळते. आळंदी आणि तुळापूर यांच्या मधल्या पट्ट्यात आम्ही. गाथा बुडाली आणि तरली ती हिच्याच पाण्यात, हे ऐकतच वाढलो. आज त्याच पाण्यातून वस्त्यांचे मैलापाणी आणि कारखान्यांचे सांडपाणी वाहते. उन्हाळ्यात जलपर्णी माजते. आळंदीला पात्रावर पांढरा फेस तरंगताना वारकऱ्यांनी अनेकदा पाहिला आहे.

वडिलांच्या दशक्रियेच्या दिवशी आई काठच्या चिखलात घसरून पडली. त्या व्यथेतून आम्ही चौघांनी काठ पक्का करण्याचा अर्ज दिला. तो मंजूर झाला. लव्हाळे आणि पाणकणीस निघाले, काँक्रीट आले. आम्हांस कृतार्थ वाटले. पुढे २०१९ च्या पावसाळ्यात पाणी त्या काँक्रीटला घासून गेले आणि जिथे ते संपत होते, तिथली चुलतभावाची मळई कापून घेऊन गेले. कारण साधे होते. लव्हाळ्याच्या मुळांचे जाळे माती धरून ठेवते. पुरात ते आडवे होते आणि पाण्याचा वेग मोडते. काँक्रीट वेग मोडत नाही, पुढच्याच्या दारात नेऊन सोडते. चुलतभावाने आम्हांस कधी बोल लावला नाही. तेच अधिक लागले.

म्हणूनच गेल्या वर्षी ग्रामसभेत ‘नदीकाठ सुशोभीकरणा’चा आराखडा मांडला गेला, तेव्हा आम्ही तो निराळ्या नजरेने पाहिला. दोन्ही तीरांना संरक्षक भिंत, वर पेव्हर ब्लॉकची वाट, दिवे, बाके. आणि मधोमध निळेशार पाणी. मागे बसलेल्या एका आजींनी विचारले, ‘‘चित्रातलं पाणी कुठनं आणणार?’’ सभा हसली. वस्तुतः तेवढा एकच प्रश्न विचारण्याजोगा होता. अहमदाबादच्या साबरमतीचा काठ आपल्याकडे नेहमी आदर्श म्हणून दाखवला जातो. पण तिथे शहरात दिसणारे पाणी नर्मदेच्या कालव्यातून आणलेले आहे. काठ बांधल्याने नदी वाहती होत नाही, की स्वच्छही होत नाही.

पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोहोचतो ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणारा पोहोचतो ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आहे. याच नदीच्या काठी, चिखलीत, मे २०२५ मध्ये या रेषेतले ३६ बंगले हरित लवादाच्या आदेशानुसार पाडले गेले. रेषा कागदावर असली, तरी तिच्यासाठी माणसांची घरे जातात.

अर्थात, विरोध करणेही सोपे नाही. गावातल्या बायकांना संध्याकाळी बसायला जागा हवी आहे, म्हाताऱ्यांना न घसरता पाण्यापर्यंत जायचे आहे. या मागण्या खोट्या नाहीत. आमची आईही त्यांतलीच होती. आमचे म्हणणे इतकेच, की आधी वरून येणारे मैलापाणी अडवा, त्यावर प्रक्रिया करा. उतरायला एके ठिकाणी दगडी पायऱ्या ठेवा. बाके आणि दिवे रेषेच्या बाहेर, गावाच्या अंगाला मांडा. बाकीचा काठ मातीचा राहू द्या. पायरी पुराला वर येऊ देते आणि माणसाला खाली जाऊ देते. भिंत दोघांनाही अडवते.

तसा लेखी आक्षेप आम्ही नोंदवला आहे. त्यावर आजींचा अंगठा आहे आणि चुलतभावाची सही आहे. आमची सही त्यांच्या खाली. उत्तर अद्याप आलेले नाही.

त्या विद्यार्थिनीस मात्र उत्तर द्यावयाचे होते. येत्या रविवारी वर्ग नदीवर न्यायचा ठरला आहे. काँक्रीट संपते तिथे, कापल्या गेलेल्या मळईच्या कडेला, यंदा थोडे लव्हाळे पुन्हा उगवले आहेत.